विटांचं हवाई टपाल

विमानतळाच्या नव्या इमारतीत थोरल्याची मोठी तसबीर लावली आहे, खाली 'संस्थापक' असं लिहून. त्याने तिथे काय स्थापन केलं होतं, ते धाकट्याला विचारायला हवं होतं.

तेव्हा थोरला विमानं उतरायच्या मैदानाचा व्यवस्थापक, धाकटा भाऊ वैमानिक. आईवडिलांच्या मागे थोरल्यानेच त्याला वाढवलेलं, त्यामुळे दादापुढे धाकट्याची मान कधी वर झाली नाही.

हवाई टपाल सुरू झालं खरं, पण गावाला लिहिण्यासारखं होतं काय? पिशवी रिकामीच जायची. वजन भरलं नाही तर मैदान बंद, असं टपालखात्याने बजावलं. तेव्हा थोरल्याने शक्कल लढवली. विटा कागदात गुंडाळायच्या, तिकिटं चिकटवायची आणि शहरातल्या मेहुण्याच्या पत्त्यावर धाडायच्या. मेहुणा त्याच विटा परत पाठवी. जावयाचे होणार नाहीत एवढे त्या विटांचे लाड चालले होते.

धाकट्याला या प्रकाराची शिसारी आली होती. इंजिनाला वंगण एरंडेलाचं आणि ते वैमानिकाच्या तोंडावर उडायचं. थोडं पोटातही जायचं. विमान उतरलं की पहिली धाव झाडीकडे. आणि हे सगळं विटांसाठी!

त्या दिवशी डोंगरावर ढग बसले होते.

"दादा, आज नको. एवढ्या वजनाने डोंगर ओलांडता यायचा नाही."

"खात्याचा माणूस आज तिकडे वजन घेणार आहे. नखरे करू नकोस," म्हणत थोरल्याने आणखी दोन विटा पिशवीत कोंबल्या.

डोंगरापाशी विमान वर चढेना. टपाल फेकायचं नाही, हा नियम. झाडांचे शेंडे चाकांना लागायला आले तसा धाकट्याने नियम गुंडाळून ठेवला आणि एकेक वीट शिवी हासडून खालच्या रानात टाकली. पिशवीत एकच खरं पत्र उरलं.

शहरात खात्याच्या माणसाने ते तराजूत ठेवलं. काटा हलला नाही. विटा न्यायला हातगाडी घेऊन आलेल्या मेहुण्याचं तोंड आंबट झालं.

धाकट्याने तिथूनच फोन लावला.

"दादा, विमान आदळता आदळता वाचलं. विटा फेकल्या मी."

दादा आता 'लागलं तर नाही ना?' असं विचारेल, असं त्याला वाटलं.

"सगळ्या?" थोरल्याने विचारलं.

"सगळ्या. मी जिवंत आहे, दादा."

"ते कळलं. बोलतोयस ना."

धाकट्याला एरंडेलाची आली नव्हती इतकी किळस आली. त्याने फोन ठेवला, विमान तिथेच सोडलं आणि तो स्टेशनवर जाऊन गावाकडे न जाणाऱ्या पहिल्या गाडीत चढला.