भोचक सॉफ्टवेअरने उलटवलेली होडी

माझे बाबा कपाटं करतात. यंदा त्यांनी वर्कशॉपच्या कोपऱ्यात होडी करायला घेतली आणि तिचा सांगाडा आखायला फुकटचं सॉफ्टवेअर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तीन डाउनलोड केली. साधं, देखणं आणि भोचक, अशी नावंही ठेवली. साधं झटपट आकार काढायचं. देखणं तोच आकार निळ्या पाण्यात गर्रकन फिरवून दाखवायचं. भोचक मात्र पुढे सरकायचंच नाही. कोण बसणार? वजन किती? तळापासून किती उंचावर? जशी काही चौकशीला आलेली शेजारीण!

"डोकं खातंय, सोड ते," बाबा म्हणाले.

साध्याने आणि देखण्याने 'स्थिर' अशी हिरवी खूण दिली. बाबांनी प्लायवूड कापलं. होडी झकास झाली! येत्या रविवारी तळ्यावर पहिली फेरी आईची ठरली. तिला पोहता येत नाही, तरी नवी टोपी आणून तयार.

शनिवारी मी शाळेच्या प्रकल्पासाठी तिघांची तुलना लिहायला बसले. भोचकला एकदाची उत्तरं देऊन टाकू म्हणून टेप घेऊन होडीत शिरले, बाकाची उंची मोजली, आकडे भरले.

स्क्रीनवर होडी उलटी.

आकडे तपासले. पुन्हा भरले. पुन्हा उलटी!

"बाबा! आई बुडणार!"

"काहीतरीच काय! दोघं हो म्हणतायत, एकटं हे नाही म्हणतंय."

"त्या दोघांनी विचारलंच नाही ना! उंचीचा रकानाच नाही, म्हणून सगळं वजन तळाशी धरलं. आई काय आडवी पडून येणार आहे?"

बाबांनी आधी केलेला होडीचा छोटा नमुना मी वर्कशॉपमध्येच पाण्याच्या टबात सोडला. त्याच्या बाकावर मिठाची डबी ठेवली आणि नुसतं बोट लावलं. डुबुक! डबी तळाला.

दारात आई उभी होती, टोपी घालून. "ती डबी म्हणजे मी का गं?"

कुणीच हसलं नाही. बाबांचा चेहरा पांढराफटक. ते भुशातच बसले.

"बैठक म्हटली की माझा हात खुर्चीच्याच उंचीवर जातो गं," ते पुटपुटले. "त्यात बैठकीखाली कप्पेही केले मी... हौसेने."

मी डबी पुसली, नमुन्याच्या तळावर ठेवली आणि जोरात ढकललं. डुलला, डुलला, सरळ झाला. बाबा उठले आणि त्यांनी करवत उचलली.

रविवारी आई होडीत बसली. लाइफ जॅकेट हनुवटीपर्यंत, गुडघेही जवळजवळ तिथेच.

"अहो, ही बैठक आहे की पाट?"

"पाटच!" बाबा काठावरून ओरडले. "उठू नकोस फक्त!"

तेवढ्यात लाट आली. होडी कलली. बाबांनी माझं मनगट असं दाबलं की वळ उठले.

मग होडी सरळ झाली. आईने बसल्या बसल्याच टोपी काढून हलवली.