भिंगबाईंचा अंबाडा

भिंगबाईंनी एकदा रोखून बघितलं आणि भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे आलं, ही गोष्ट कपड्यांच्या कारखान्यात अजून सांगतात. घड्याळ पुढेच होतं म्हणे, ते ओशाळलं. तिथले जुने शिलाईवाले तर शपथेवर सांगतात की बाई जिना चढू लागल्या की खालच्या मजल्यावरची वाकडी शिवण आपोआप सरळ व्हायची. यातलं निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मं मात्र त्यांच्या जावयाने स्वतः भोगलेलं होतं, तेव्हा त्यात खोट काढायची सोय नाही.

चौतीस वर्षं भिंगबाई त्या कारखान्यात तपासनीस होत्या. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, खांद्यावर मोजपट्टी, मानेवर घट्ट अंबाडा आणि पुढ्यात तीन टोपल्या. हिरवीत पास झालेला माल, लालमध्ये रिजेक्ट, पिवळीत दुरुस्तीचा. शर्ट हातात आला की आधी तो उलटा करायच्या. "समोरून काय, सगळंच छान दिसतं," असं म्हणायच्या आणि आतली शिवण उलगडून बसायच्या. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. घरी ताट उलटं करून बघायच्या, मगच वाढून घ्यायच्या. चादर उलटी, पाव उलटा, आलेलं पाकीटसुद्धा आधी मागच्या बाजूने.

मुलीला बघायला मुलगा घरी आला तेव्हाही तेच. मुलगा दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर. आपलं कसब दिसावं म्हणून बिचाऱ्याने ताजी कवळी रुमालात गुंडाळून आणली होती. समोर बत्तीस मोती झळकत होते, पण बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कवळी उलटी केली, टाळूला चिकटणारी आतली बाजू भिंगाखाली धरली आणि इतका वेळ बघितली की कवळीलाच घाम फुटला. मग ती खाली ठेवून, आत जाता जाता मुलीला म्हणाल्या, "धंदा खोट्याचा आहे. पण नांदशील."

लग्न झालं, त्याला सव्वीस वर्षं उलटली. या सव्वीस वर्षांत पुतणीच्या घोरणाऱ्या नवऱ्यालासुद्धा 'जावईबापू' अशी हाक गेली. याच्या वाट्याला मात्र 'हे', 'ते', नाहीतर 'दातवाले'. तेही थेट नाही. तिघं एकाच टेबलाशी, मिठाची बरणी दातवाल्यांच्या कोपराला टेकलेली, तरी हुकूम निघायचा तो असा:

"पोरी, यांना सांग मीठ सरकवायला."

"अहो, मीठ."

"हो आई," म्हणून दातवाले मीठ सरकवत. सासू-जावयाचा सगळा संवाद म्हणजे हे दोन शब्द.

दातवाल्यांना बोलायला दुसरी माणसं होती. ती त्यांनी स्वतःच केली होती. कवळीचा साचा गरम पाण्यात पिकायला दीड तास लागतो, आणि कारागिराला रिकामा दीड तास म्हणजे आमंत्रणच. एकदा कुणीतरी दातांच्या दवाखान्याच्या बाकावर ठोकळ्यांच्या खेळण्यातला माणूस विसरून गेलं. दीड इंच उंची, चिमट्यासारखे हात, डबीसारखं पिवळं गोल डोकं, डोक्यावर खुंटी आणि खुंटीवर बसणारा केसांचा टोप. एक हात तुटलेला. दातवाल्यांनी तो कवळीच्या मसाल्याने जोडला. मग वाटलं, हा उगाच हसतोय. चेहरा पुसला आणि चिनी मातीच्या दातांना छटा देतात त्या तीन केसांच्या ब्रशने नवा काढला. झाला आपला पोस्टमन! तेव्हापासून अख्खा रस्ता दीड इंचाचा होऊन त्यांच्या कपाटात राहायला आला. कात्रीवाला न्हावी, छत्री हरवलेला मास्तर, कुत्र्यामागे धावणारा वकील. केस मेणात कोरून ओतायचे, आणि मसाला तोच कवळीचा, म्हणून पहिल्या वीस-पंचवीस जणांचे केस हिरडीसारखे गुलाबी होते. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी त्यांचाच पुतळा भेट दिला, तोंड उघडं आणि आत एकही दात नाही. डॉक्टरांनी तो हौसेने बाहेरच्या खोलीत ठेवला, तर त्या आठवड्यात निम्मे पेशंट दारातूनच परत गेले.

भिंगबाई या सगळ्याला 'बाहुल्या' म्हणायच्या.

तर झालं असं की भिंगबाई जिन्यात पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. तिसरा मजला, एकट्या बाई, हात प्लॅस्टरमध्ये. सहा आठवडे मुलगी औषधाच्या दुकानातलं काम सांभाळून रोज तिकडे धावली. दूरदेशी असलेल्या मुलाने फोनवरून वृद्धाश्रम शोधला, अर्जही भरून पाठवला. आता फक्त आईची सही हवी होती, ती सोमवारपर्यंत.

"माझ्याकडे ये," मुलगी म्हणाली. "मागची खोली आहे. खिडकी आहे."

"खिडकीचं काय घेऊन बसलीस? ते मला घाबरतात."

"कोण? हे?"

"सव्वीस वर्षांत 'हो आई'च्या पलीकडे एक शब्द ऐकलायस? मी कोण, कशी, हे ज्यांना ठाऊकच नाही, त्यांच्या घरात मी रोज उठू-बसू कशी? त्यापेक्षा परकी माणसं बरी. ती निदान परकी तरी असतात."

"मग तू बोललीस का कधी त्यांच्याशी?"

"तपासनीस बोलत नसतो," भिंगबाई म्हणाल्या. "शिक्का मारतो."

तरी रविवारी जेवायला येईन आणि काय ते तेव्हा सांगेन, एवढं कबूल केलं. बायकोने हे सगळं दातवाल्यांना सांगितलं आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. ती कांदा चिरत नव्हती, म्हणजे रडतच होती.

कुणाला खरं वाटणार नाही, पण दातवाल्यांना सासू हवी होती. आजवर त्यांनी हजारो कवळ्या केल्या. लोकांनी आरशात बघून "वा!" म्हटलं, खाल्लं, हसले, झोपताना पेल्यात बुडवल्या. कवळीचं खरं काम असतं आतल्या बाजूला, जिथे ती हिरडीला बिलगते. ती बाजू उलटी करून बघणारं माणूस त्यांना आयुष्यात एकच भेटलं होतं. पण हे सांगायचं कसं? समोर गेले की तोंडातून 'हो आई'च निघायचं.

म्हणून त्यांनी जे येतं ते केलं. शनिवारी सकाळी ठोकळ्यांचं घर रचायला घेतलं. खाली बैठक, मागे खिडकीवाली खोली, खिडकीशी खुर्ची. हातात कवळी धरलेला एक माणूस आणि औषधाची बाटली धरलेली त्याची बायको तयारच होती. राहिली खुर्चीतली. राखाडी लोकरीचा स्वेटर रंगवलेलं अंग, खांद्यावर मोजपट्टी, गळ्यात टाचणीच्या डोक्याएवढं भिंग. अंबाडा मेणात कोरून ओतला, पांढरा-करडा, गुलाबी नव्हे. मग चेहरा. दातवाल्यांनी श्वास रोखला. दोन ठिपके, डावी भुवई पाऊण केस वर, ओठांची रेघ सरळ आणि उजव्या टोकाला जराशी दुमडलेली. पहिल्याच फटक्यात बाई उतरल्या! दातवाल्यांनी नकळत स्वतःच्या शर्टाची बटणं चाचपली.

तेवढ्यात बायको आली.

"अगंबाई! ही तर आई!"

"जमलीय ना?"

"डिट्टो जमलीय. पुसा."

"पुसू?"

"उद्या ती ठरवणार आहे, आणि तुम्ही तिच्या हातात तिचाच राग ठेवणार? हसरी करा तिला."

"हसरी करायला मी बघितलीय कुठे?"

प्रश्न रास्त होता. दोघांनी मिळून फोटोंचे तिन्ही अल्बम पालथे घातले. एकाही फोटोत बाई हसत नव्हत्या. लग्नाच्या फोटोत तर त्या कॅमेऱ्याकडेही बघत नव्हत्या, फोटोवाल्याच्या कोटाचं लोंबणारं बटण बघत होत्या. शेवटी टूथपेस्टच्या खोक्यावरच्या बाईचं हसू उसनं घ्यायचं ठरलं.

दातवाल्यांनी पुसायला बोळा उचलला. पण हात जाईना. चांगलं उतरलेलं काम पुसणं म्हणजे पिकलेलं केळ सालासकट फेकणं. त्यांनी बोळा खाली ठेवला, डोकं गर्रकन फिरवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ते टूथपेस्टचं हसू रंगवलं. हसरी बाजू पुढे, खरी बाजू मागे, वरून अंबाड्याचा टोप दाबला. मागचं काही दिसेना. बायको खूश झाली. दातवालेही खूश झाले. कुणासाठी काय करतोय, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

रविवारी भिंगबाई आल्या. मनगट मोकळं, अंबाडा घट्ट. जेवण निमूट झालं, मीठ एकदा मुलीमार्फत सरकलं. मग बायकोने ते घर आणून टेबलावर ठेवलं.

"आई, यांनी केलंय. तुझ्यासाठी."

भिंगबाईंनी आधी अख्खं घर उचलून तळ बघितला. मग मागची खोली बघितली. खिडकी बघितली. खुर्चीतली बाई चिमटीत धरून डोळ्यांसमोर आणली.

"छान," त्या म्हणाल्या.

बायकोचा चेहरा उजळला. दातवाल्यांचा मात्र पडला. समोरून सगळंच छान दिसतं, हे त्यांना तेव्हा आठवलं, आणि पाठोपाठ पुढचंही आठवलं. पण आता उशीर झाला होता. बाईंनी गळ्यातलं भिंग उचललं आणि बाहुली उलटी केली. तळपाय बघितले. पाठ बघितली. पाठीवरच्या स्वेटरची शिवण दातवाल्यांनी खालपर्यंत टाक्याटाक्याने रंगवली होती, तिथे भिंग जरा रेंगाळलं. मग दोन बोटं अंबाड्यावर आली.

"आई, ते निघत नाही हं," बायको घाईघाईने म्हणाली.

टुक. निघालं.

बाईंनी डोकं फिरवलं. भिंग जवळ नेलं. घरात असा सन्नाटा पसरला की भिंतीवरच्या घड्याळाने टिकटिक थांबवली. ते तसंही बंदच होतं, पण त्या दिवशी ते अदबीने बंद होतं.

"ही कधी बघितलीत?" भिंगबाई म्हणाल्या.

बायको सवयीने वळली. "अहो, आई विचारतेय—"

"तू गप गं. मी यांच्याशी बोलतेय."

दातवाल्यांच्या ओठांवर 'हो आई' आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "लग्नाच्या दिवशी," ते म्हणाले. "तुम्ही माझा कोट उलटा करून अस्तर बघितलंत तेव्हा. मग खोलीचं दार लावून अख्खं अस्तर उसवलंत आणि पुन्हा शिवलंत. मी शर्टावर उभा होतो. बाहेर सगळे खोळंबले होते."

"शिंप्याने दोरा कच्चा वापरला होता."

"तो कोट अजून घालतो मी. बाहेरून विटलाय. आतून नाही."

"आणि ही हसरी कोण?"

"टूथपेस्टवाली," दातवाले म्हणाले. बायकोने डोळे मिटून घेतले.

"तरीच म्हटलं, माझे दात कधीपासून दिसायला लागले." बाईंनी डोकं फिरवून खरा चेहरा पुढे घेतला. "पोरगी म्हणते मी सदा रागात असते. कारखाना म्हणायचा. तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. 'हो आई' नको."

"मला तो राग कधी वाटलाच नाही, आई. ते बघणं आहे. कवळीची आतली बाजू बघताना मीही असाच दिसतो. माझ्या मात्र दोन्ही भुवया वर जातात, तुमच्याइतकं नाही साधलेलं."

भिंगबाईंच्या ओठांच्या रेघेचं उजवं टोक जरासं दुमडलं, अगदी बाहुलीच्या टोकासारखं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला कळलं की आई हसते ती तिथे.

मग बाईंनी टोप परत दाबून बसवला आणि भिंग लावलं. "अंबाडा मधोमध बसवलाय. माझा डावीकडे असतो."

दातवाले खचले. "रिजेक्ट?"

"रिजेक्ट कोण म्हणालं? दुरुस्ती. पिवळी टोपली." त्यांनी बाहुली खिडकीशी, खुर्चीत नेऊन बसवली. "दुरुस्तीचा माल बाहेर पाठवत नाहीत. नीट होईपर्यंत तपासनीसाने जवळ बसून लक्ष ठेवायचं असतं. किती दिवस लागतील, जावईबापू?"

मिठाची बरणी कलंडली. कुणाच्या धक्क्याने, ते कळलं नाही.

"माझा हात जरा हळू चालतो, आई," जावईबापू म्हणाले. "दहा-पंधरा वर्षं धरा."

अर्ज सहीवाचून परत गेला. सोमवारी मागच्या खोलीत भिंगबाईंची पेटी आली, तीन टोपल्या आल्या. दातवाल्यांनी त्याच आठवड्यात अंबाडा नव्याने ओतला, चांगला डावीकडे. बाईंनी भिंग लावून बघितला आणि मान हलवली, "छे, माझा उजवीकडे असतो." तेव्हापासून अठरा अंबाडे झाले. एकही पास नाही. कसा होणार? बाई रोज सकाळी आरशासमोर बसतात, कालचा अंबाडा सोडतात, आणि आजचा एक बोट सरकवून बांधतात.