घरातला बिघाड

"थांबा, मी उघडते," असं म्हणत सुकेशनीने हनुमानच्या आधी स्वतःच कॉम्प्युटरच्या डब्याचा पत्रा ओढून बाजूला केला.

हनुमान घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. जालना रोडला त्याचं छोटं दुकान होतं. त्याने ब्रशने पंख्यावरची धूळ झाडली, रॅमची पट्टी काढली आणि खोडरबराने तिची कड घासली. सुकेशनी त्याच्या हातांवरची नजर हलवत नव्हती. मागच्या खेपेला यानेच चांगली पट्टी काढून जुनी बसवली असणार, असा तिला संशय होता. म्हणून या वेळी त्याला बोलावण्याआधी तिने पट्टीच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता. पट्टी परत बसली तेव्हा तिने वाकून पाहिलं. ठिपका होता.

"ताई, नुसतं बंद पडतं का परत चालू बी होतं?"

"आपोआप चालू होतं. मधेच पडदा काळा, की परत पहिल्यापासून सुरू. तेवढ्यात टाइप केलेलं सगळं जातं."

"निळा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरं, असं काही?"

"नाही. एकदम काळा."

हनुमानने मान खाजवली. बाजूला पडलेल्या यूपीएसकडे त्याचं लक्ष गेलं. त्याची बॅटरी फुगून गेली होती, म्हणून कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या बोर्डावर लावलेला होता. बॅटरी बदलून घ्या, एवढं तो म्हणाला. हा आता नवं सामान गळ्यात मारणार, असं वाटून सुकेशनीने ते कानाआड केलं.

चिकलठाण्याच्या नव्या वसाहतीत राहून ती विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध टाइप करून द्यायची. लग्नाआधी शिकलेली ही एकच गोष्ट तिची स्वतःची होती. पाहुण्यांत तिची ओळख 'राजकुमारची बायको' अशी असली, तरी विद्यापीठाच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तिला 'टायपिंगवाल्या मॅडम' म्हणत. पण मशीन असं दगा द्यायला लागल्यापासून एका मुलीने अर्धा प्रबंध परत नेला होता. दुसऱ्या एकाने फोन उचलणं बंद केलं होतं.

शेवटी हनुमान डबा दुकानात घेऊन गेला. दोन दिवस त्याने तो चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही.

"मशीनमधी काहीच नाय ताई," परत आणून जोडताना तो म्हणाला. "गडबड तुमच्या घरात हाय."

तो लाइटीबद्दल बोलत होता. सुकेशनीच्या मनात मात्र वेगळंच आलं. तिने दाराकडे पाहिलं. दाराबाहेरच्या बोळीत, बरोबर त्या खोलीच्या बटणांच्या बोर्डाखाली, तिची सासू चटई टाकून पडली होती.

चंपाबाईंना येऊन दोन महिने झाले होते. सिल्लोडकडच्या गावात हिरी आटल्या, हापसा नुसता वारा ओढायला लागला, तेव्हा राजकुमार जाऊन आईला घेऊन आला. त्याच सुमाराला कॉम्प्युटर बिघडला होता. हे आधी कसं लक्षात आलं नाही, याचं सुकेशनीला नवल वाटलं. आल्या आल्या म्हातारी म्हणाली होती, "ह्या डब्ब्याम्होरं बसून डोळं जातील तुझं." त्या बोलण्यात आता तिला माया दिसेना.

मग ती लक्ष ठेवू लागली. सकाळी मशीन नीट चाले. दुपार कलली, की हमखास पडदा काळा होई. ती उठून बोळीत येई तेव्हा चटई रिकामी असे. थोड्या वेळाने चंपाबाई मागच्या दाराने आत येत. लुगड्याचा काठ ओला असे.

"कुठं गेल्या होत्या आत्या?"

"पाय धुवाया."

तोंडाने एवढंच. नजरेला नजर नाही.

सुकेशनीने नवऱ्याला सांगितलं. राजकुमार चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता. दिवसभराची पाळी करून आलेला, वैतागलेला. आधी तो हसला. मग त्याला बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं. संध्याकाळी जेवताना त्याने विचारलंच.

"माय, हिच्या खोलीचं बटन तू बंद करतीस का?"

चंपाबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी लेकाकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे.

"व्हय," त्या म्हणाल्या. "उठताना हात लागत आसंल."

"रोज?"

"म्हातारं मानूस हाय बाबा. लागतो हात."

राजकुमार ताटावरून उठताना म्हणाला, "रविवारी तुला जालन्याला ताईकडं सोडतो. तिथं तिचीबी लेकरं हायेत, तुझा येळ जाईल."

चंपाबाई "बरं" म्हणाल्या. सुकेशनीला वाटलं होतं, आपला संशय खरा ठरला की बरं वाटेल. पण तसं वाटलं नाही. इतक्या लवकर कबूल कशा झाल्या, हेच तिला सलत राहिलं. भाजीतल्या साध्या मिठावरूनही ही म्हातारी हार मानायची नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने बोर्डापुढे कपाट सरकवलं. आता बटणाला कुणाचाच हात पोचणार नव्हता. चंपाबाई चटईवरून ते सगळं बघत होत्या. सुकेशनी खोलीत जाऊन टाइप करायला बसली.

दुपार कलली. डोक्यावरचा पंखा एकदम मंदावला, ट्यूबलाइट फडफडली आणि पडदा काळा झाला. लगेच पंखा पुन्हा वेगात फिरायला लागला.

कपाट जागच्या जागी होतं. चटई रिकामी होती.

मागचं दार लोटलेलं होतं. बाहेर न्हाणीच्या भिंतीवर बोअरच्या मोटरीची पेटी होती आणि तिच्यातला लाल दिवा लागलेला होता. मोटर खोल बोअरमध्ये, त्यामुळे आवाज घरात यायचाच नाही; पण ती चालू होताना घरातली लाइट ओढते, हे सुकेशनीच्या आत्ता ध्यानात आलं. राजकुमार मोटर सकाळी, सुकेशनी कामाला बसायच्या आधी लावायचा, टाकी भरली की बंद करायचा. शेजारच्या दोन बोअर आटल्यावर त्याने घरात बजावून ठेवलं होतं, आता कुणाला बादलीभरही पाणी द्यायचं नाही. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी नेत होते. त्याचंही काही चूक नव्हतं.

बोअरच्या नळाला जोडलेला रबरी पाइप कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेला होता. सुकेशनी त्याच्या मागोमाग गेली.

मागे नुसते प्लॉट पाडलेले होते. हद्दीचे दगड आणि वाळलेलं गवत. तिथे कंपनीचा एक निळा ड्रम उभा चिरून आडवा ठेवला होता आणि त्यावर मेंढरं तुटून पडली होती. चंपाबाई पाइप धरून उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी एक धनगराची बाई ओंजळीने पाणी पीत होती. सुकेशनीला बघताच ती दचकून मागे सरली.

"तुमची सून का मावशी?"

"माझीच," चंपाबाई म्हणाल्या. त्यांनी पाइप खाली टाकला नाही. "ही सुगंधाबाई. दौलताबादच्या अंगानं आलेत. नवरा बिमार हाय, पालात पडून ऱ्हातो."

"आत्या, मग बटनाचं खोटं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर राजूनं पेटीला कुलूप घातलं असतं."

सुगंधाबाई मेंढरं आवरायला लागली तशी चंपाबाईंनी तिला हाताने थांबवलं.

"पिऊ दे त्यास्नी." मग सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या, "तिला मी आधीच सांगितलं व्हतं, आमी बौद्ध हावोत, चालतंय का बघ. तर म्हन्ली, मेंढरास्नी काय कळतंय, अन मला तहान लागलीया."

सुगंधाबाई लाजून हसली.

"आमच्या गावाला हिरीवर चढू देत नव्हते," चंपाबाई म्हणाल्या. "माझी माय घागर घिऊन खाली बसून ऱ्हायची. कुनी वतलं तर वतलं. मी तिच्या मांडीवर झोपून जायची. ही बाई पहिल्या दिवशी आली न्, तशीच बसली कुंपनाला टेकून. मला नाय बघवलं."

सुकेशनी परत आली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. पडद्यावर पान उघडलं, पण तिला त्यातलं एक अक्षर दिसेना. नेलपॉलिशचा तो ठिपका तिला आठवला. सरकवलेलं कपाट आठवलं. ती उठली आणि कपाट ओढून जागेवर लावलं.

राजकुमार आल्यावर ती म्हणाली, "आत्यांचा हात लागत नव्हता. लाइट कमीजास्त होते, त्यानं मशीन बंद पडतं. यूपीएसला बॅटरी घातली की झालं. त्यांना जालन्याला नका सोडू."

"मग ती व्हय कशी म्हन्ली?"

"आपण विचारलंच तसं."

त्यानंतर हनुमानकडून बॅटरी आली. मशीन बंद पडायचं थांबलं. दुपारी पंखा मंदावला, की सुकेशनी टाइप करता करता क्षणभर थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. ती मुलगी प्रबंध घेऊन परत आली.

मे महिन्यात एका सकाळी मोटर नुसतीच फिरली. पाइपातून आधी गढूळ चूळ आली, मग हवा. त्या दिवशी संध्याकाळी राजकुमार मागे जाऊन आला. कुंपणातली फट, पलीकडचा चिरलेला ड्रम, लेंड्या, सगळं त्याने पाहिलं. मेंढरं दोन दिवसांपूर्वीच गोदाकाठाकडे निघून गेली होती.

तो ताटावर बसला, पण भाकरीला हात लावला नाही.

"पानी कुनी दिलं?"

चंपाबाईंनी तोंड उघडलं.

"मी दिलं," सुकेशनी म्हणाली. "रोज देत होते."

"कुनाला इचारून?"

"कुणाला नाही."

तो भरलं ताट तसंच टाकून उठला आणि टॅंकरवाल्याला फोन लावत बाहेर गेला. फाटकाची कडी वाजली.

चंपाबाई हळूहळू उठल्या. लेकाच्या ताटावर त्यांनी दुसरं ताट पालथं घातलं. मग टोपलीतली भाकरी घेतली, मोडली आणि न विचारता अर्धी सुनेच्या ताटात ठेवली. उरलेली अर्धी घेऊन त्या तिच्या शेजारी जेवायला बसल्या.