तोंडातला घोट

पुण्याहून निघताना नीलिमाताईंनी पिशवीत एक खण आणि नारळ गुपचूप टाकला होता. बंगळुरूत राहणाऱ्या, तिशी उलटलेल्या त्यांच्या मुलाच्या, राजसच्या तोंडून फोनवर पहिल्यांदाच एका मुलीचं नाव आलं होतं, पवित्रा. तिच्या घरचा द्राक्षमळा बंगळुरूबाहेर आहे, शनिवारी बघायला जाऊ, एवढंच तो म्हणाला. बघायचा तो मळा की मुलगी, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. पोराचं एकदाचं लग्न ठरावं याच्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. उगाच विचारून बिघडवायचं कशाला?

बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या गर्दीतून सुटून मळ्यावर पोचल्या आणि गोंधळ वाढला. दारातच एकाने मनगटाला कागदी पट्टी चिकटवली. आत आणखी दहा-बारा माणसं होती. हे सगळेही पवित्रालाच बघायला आलेत की काय, अशी भलतीच शंका त्यांना चाटून गेली. पवित्रा आली ती डोक्यावर टोपी घालून, आणि इंग्रजीत वेलींची माहिती सांगत सगळ्यांना मळाभर फिरवू लागली. मुलगी चुणचुणीत होती. नीलिमाताईंना ती बघताक्षणी आवडली. पण राजस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता, आणि खण-नारळाची पिशवी खांद्यावर जड होत चालली होती.

मग सगळ्यांना एका लांब टेबलाशी बसवलं. पवित्राचे वडील महांतेश स्वतः वाईन ओतत होते. मूळचे विजापूरकडचे, नीलिमाताई मराठी म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. स्वल्प तोंडात घ्या, घोळवा आणि मग त्या बादलीत थुंका, असं त्यांनी समजावलं. तिकीट काढून वाईन चाखायला आलेले बाकीचे कुणी थुंकत होते, कुणी सरळ पीत होते.

आता आली पंचाईत. नीलिमाताईंनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. गिळावी तर हे म्हणणार, सासू पिते. थुंकावी तर होणाऱ्या व्याह्यांनी हातात दिलेलं त्यांच्यासमोरच थुंकायचं? व्याही असतील तर. त्या घोट तोंडात धरून, गाल फुगवून तशाच बसून राहिल्या. आणि नेमके तेव्हाच महांतेश बाटली खाली ठेवून समोर आले.

“अक्का, सरळ विचारतो. आमचा धंदा हा असला. आमची पोरगी तुमच्या घरात चालतीय काय?”

टेबलापलीकडे पवित्रा थिजली. बादली नीलिमाताईंच्या कोपराशीच होती. या प्रश्नावर थुंकायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी डोळे मिटले आणि घोट गिळला. नाकातोंडातून आंबट कळ गेली.

“न चालायला काय झालं?” त्या ठसकत म्हणाल्या.

महांतेश चक्रावून राजसकडे बघू लागले. “मग दोन वर्षं हा कसं म्हणतोय, आईचा विरोध आहे म्हणून? शेवटी पवित्राच म्हणाली, त्यांना एकदा घेऊन तर ये.”

नीलिमाताईंना आधी काहीच उमगेना. विरोध? त्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं. मग हळूहळू सगळं लख्ख झालं आणि पोराचा संताप आला. आपल्याला नाही म्हणायचं धाडस नाही, हो म्हणायचंही नाही, म्हणून यानं आईला पुढे केलं होतं. आणि ती बिचारी दोन वर्षं त्यांनाच दोष देत बसली असणार.

त्या उठल्या. पवित्राला खुर्चीवर बसवून त्यांनी तिच्या ओटीत खण-नारळ घातला. शेजारची मंडळी हाही कार्यक्रमाचाच भाग समजून फोटो काढू लागली.

“माझं हे असं आहे,” त्या राजसला म्हणाल्या. “आता तुझं काय ते तू सांग.”

राजसचेही गाल फुगलेले होते. त्यानं पवित्राकडे पाहिलं, मग हळूच बादलीकडे.

नीलिमाताईंनी बादली उचलली आणि आपल्या खुर्चीमागे ठेवून दिली.