दहा ठिकाणं

टाचणीने हॉस्पिटलची नोकरी सोडली तेव्हा घरात आठवडाभर कुणी तिच्याशी धड बोललं नाही. बावीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, आणखी दोन वर्षांत इन्चार्ज झाली असती, आणि ही म्हणते मी स्वतःचं काम काढणार, लोकांच्या पायांची निगा राखणार.

“म्हणजे नखं कापणार?” सासूबाईंनी विचारलं होतं.

“नखंही कापणार.”

“ती तर मीसुद्धा कापते.”

“तुम्ही स्वतःची कापता आणि दर वेळी रक्त काढता.”

सासूबाई फणकारून आत गेल्या. पण तीन महिन्यांनी, घरात कुणी नाही असं बघून, टाचणीच्या टॉवेलावर पाय ठेवून बसल्या. अंगठ्याचं जुनं दुखणं गेलं आणि मग गावभर जाहिरात त्यांनीच केली.

त्याला आता तीन वर्षं झाली होती. टाचणी आणि तिची वॉर्डातली मैत्रीण, जिला सगळे बडबडी म्हणत, अशा दोघींनी एक बंद पडलेलं सलून भाड्याने घेतलं होतं. खुर्ची सलूनवाल्याचीच ठेवली, कारण दांडी दाबली की ती वर जायची आणि पेशंटचा पाय बरोबर डोळ्यांसमोर यायचा. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्याकडे बॅग घेऊन घरी जायचं. बडबडी हातापेक्षा तोंडानेच जास्त बरं करते, असं टाचणी म्हणायची. आणि टाचणी पेशंटशी बोलतेय की त्याच्या टाचेशी, हे कळायला मार्ग नाही, असं बडबडीचं म्हणणं.

टाचणी हे नाव मेट्रनबाईंनी ठेवलेलं. शिकाऊ असताना ती अंगाने बारीक होती आणि प्रश्न मात्र टोचून विचारायची. मेट्रनबाई नाकावर माशी बसू देत नसत. त्यांच्या बुटांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला आला की अख्खा वॉर्ड चादरी ओढून सरळ करायचा. एकदा तर एका पेशंटनेच घाबरून स्वतःची चादर सरळ केली होती. अशा बाईंनी नाव ठेवलं म्हणजे ते कायमचंच चिकटणार. पुढे नवऱ्यानेही तेच उचललं.

म्हणून एका सोमवारी फोनवर एक अनोळखी माणूस म्हणाला, “टाचणी सिस्टर तुम्हीच का?” तेव्हा तिला क्षणभर जुन्या वॉर्डातल्या फिनाइलचा वासच आला.

तो मेट्रनबाईंचा भाचा होता, दुसऱ्या शहरात राहणारा.

“आत्याला पंधरा वर्षं डायबेटिस आहे,” तो म्हणाला. “वय एकोणऐंशी. एकटी राहते. मी म्हणतो आमच्याकडे ये, तर ऐकत नाही. शेवटी आमचं असं ठरलंय, की पाय तपासून घ्यायचे. पायांना जाणीव असेल तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नसेल तर रविवारी गाडी घेऊन येतो. काही भाजलं, टोचलं तर तिला कळणारच नाही ना. तर म्हणाली, टाचणीला बोलव, दुसऱ्या कुणाला मी पायाला हात लावू देणार नाही. मला आधी वाटलं ती खरोखरची टाचणी मागतेय.”

“त्यांना विचारलं तर दोन्हींत फार फरक नाही म्हणतील,” टाचणी म्हणाली. “उद्या सकाळी जाते.”

मेट्रनबाईंचं घर तळमजल्यावर, चार पायऱ्या चढून. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

“तीन मिनिटं उशीर.”

“हो, मॅडम.” हे उत्तर तिच्या तोंडून इतक्या आपोआप आलं की तिचं तिलाच हसू आलं. आपल्या शाळेपुढून जाताना पाठ ताठ व्हावी, तसं काहीसं.

बाहेरच्या खोलीत खुर्चीपुढे टॉवेल पसरलेला, शेजारी तिवई, तिवईवर दिवा वळवून ठेवलेला. टाचणीने स्वतः मांडलं असतं तर ते असंच मांडलं असतं, आणि ते ती शिकली होती याच बाईंकडून. मेट्रनबाई आता खांद्यांत जरा वाकल्या होत्या. अंगात राखाडी स्वेटर, त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, फक्त मधलं एक नव्हतं.

“एक बटण गेलंय, मॅडम.”

“चार दिवस शोधतेय. तू पाय बघायला आलीस की स्वेटर?”

पाय सुंदर होते. दुसरा शब्द नाही. नखं सरळ कापलेली, बोटांच्या बेचक्या कोरड्या, टाचांना भेग नाही. टाचणीने पावलावर बोटं ठेवून नाडी मोजली, दोन्हीकडे नीट लागली. उजव्या चवड्यावर मात्र एक लालसर गोल डाग होता, नखाएवढा.

“हे काय?”

“मोज्याची शिवण असेल.”

टाचणीने डागावर अंगठा फिरवला. त्वचा फुटलेली नव्हती. मग तिने बॅगेतून तंतू काढला. नायलॉनचा, जाड केसासारखा, एका छोट्या दांडीत बसवलेला. तो त्वचेवर टेकवून दाबला की दहा ग्रॅम भाराला वाकतो. दर पावलावर दहा ठिकाणं. पेशंटने डोळे मिटायचे, आणि स्पर्श कळला की हो म्हणायचं.

“डोळे मिटा, मॅडम.”

“मला सांगतेस?” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

शिकाऊपणाच्या दिवसांत तंतू नव्हता. कापसाची वात आणि बोथट सुई असायची. दुपारी वॉर्ड निजला की मेट्रनबाई शिकाऊ मुलींना मागच्या व्हरांड्यात नेत. अकरा स्टुलं, प्रत्येकावर एक मुलगी बसलेली, दुसरी खाली तिच्या पायाशी. अंगठा, मधलं बोट, करंगळी. मग चवडा, आतून बाहेर. मग कमान, मग टाच, आणि शेवटी पावलाच्या वर. दोन ठिकाणांमध्ये मनात तीनपर्यंत मोजायचं. मेट्रनबाई मागून फिरत आणि बोटांनी ताल धरत. बडबडीला गुदगुल्या व्हायच्या, ती सुई टेकायच्या आधीच हसायची आणि तिला उभं केलं जायचं. पलीकडे स्वयंपाकघरात भांडी आदळत असायची, दोरीवर ओले एप्रन, आणि सगळ्यांना वाटायचं ही दुपार कधी संपणारच नाही. त्या दुपारी आता सत्तावीस वर्षं मागे गेल्या होत्या, पण टाचणीचा हात तंतू घेऊन त्याच वाटेने निघाला. अंगठा, मधलं बोट, करंगळी.

“हो,” मेट्रनबाई म्हणत होत्या. “हो. हो.”

उजवीकडे दहा, डावीकडे दहा. वीसपैकी वीस. टाचणीला इतकं हलकं वाटलं की कागदावर आकडा लिहिताना तिने तो दोनदा गिरवला. भाचा रविवारी गाडी घेऊन येणार नव्हता.

“चहा टाकते,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तू साखर घेतेस अजून तीन चमचे?”

“आता एकच.”

“शहाणी झालीस.”

त्या आत गेल्या, अनवाणी, टाच आधी टेकवत, जरा आपटत. टाचणी आवरायला लागली. शेवटचं काम चपलांचं. घरात घालायच्या असोत की बाहेरच्या, आत हात घालून बघायचं, खिळा, खडा, उसवलेलं अस्तर. खुर्चीशी मेट्रनबाईंच्या मऊ सपाता होत्या. तिने उजवीत हात घातला आणि तिच्या बोटांना काहीतरी लागलं. राखाडी, गोल, दोन छिद्रांचं बटण.

ती ते तळहातावर घेऊन बसली. चार दिवस शोधतेय, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे चार दिवस त्या या बटणावरून चालत होत्या. आणि त्यांना दहा ग्रॅमचा स्पर्श वीसच्या वीस ठिकाणी कळल्याचं आत्ताच कागदावर लिहून झालं होतं.

रोजच्या पेशंटवर ती कधीच असं करत नसे. रोज ती क्रम मोडायची, कधी टाचेपासून सुरू, कधी मध्येच पाच सेकंद गप्प, कधी तंतू न टेकवताच थांबून राहायची. नाहीतर माणूस सवयीने हो म्हणतो. हे तिने बडबडीला शंभरदा सांगितलं होतं. आणि ज्या बाईने तिला क्रम शिकवला, ताल शिकवला, तिच्यासमोर ती शहाण्या मुलीसारखी तोच क्रम, तोच ताल घेऊन बसली होती.

मेट्रनबाई दोन कप घेऊन आल्या. टाचणीने बटण खिशात टाकलं.

“मॅडम, पुन्हा एकदा घेते. माझा हात नीट बसला नव्हता.”

“वीस झाले ना?”

“तरी घेते.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. मग खुर्चीत बसल्या, पाय तिवईवर ठेवले आणि डोळे मिटले.

टाचणीने तंतू उचललाच नाही. तो तिच्या मांडीवर होता. तिने मनात तीनपर्यंत मोजलं.

“हो,” मेट्रनबाई म्हणाल्या.

एक, दोन, तीन.

“हो.”

चहावरची वाफ सरळ वर जात होती. तिसऱ्या वेळी टाचणीला ते ऐकायचं नव्हतं. पण तिने तोंड उघडायच्या आतच ते आलं, अगदी तालावर.

“हो.”

“मॅडम,” ती म्हणाली. “डोळे उघडा.”

मेट्रनबाईंनी आधी तंतूकडे पाहिलं, मग टाचणीकडे.

“केव्हा कळलं?”

“आत्ता.” तिने बटण तिवईवर ठेवलं.

“चुकलीस. पहिल्या वेळीच कळायला हवं होतं. क्रम कशाला पाळलास?”

“तुम्हीच शिकवला होता.”

“मी शिकवला तेव्हा समोर बसणारा पेशंट मेट्रन नव्हता.”

टाचणीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. मेट्रनबाईंनी कप तिच्याकडे सरकवला.

“दोन वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “आधी बोटं. मग चवडा. आता घोट्यापर्यंत कापूस भरल्यासारखं. भाच्याने तिकडे खोली काढून ठेवलीय माझ्यासाठी, चांगला आहे तो. खिडकीशी कॉट. उशाशी घंटी बसवलीय, काही लागलं तर वाजव म्हणाला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या घंटीला धावले, टाचणे. आता मी वाजवायची आणि भाचेसुनेने धावायचं.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. वीस लिहिलेलंच आहे. तसंच राहू दे.”

टाचणीने कागद पुढ्यात ओढला. एवढ्या वर्षांत तिने या बाईला नाही म्हटलं नव्हतं. तिला आठवत होतं, पहिल्यांदा पेशंट दगावला तेव्हा ती लिननच्या खोलीत रडत असताना हीच बाई आत आली होती, एक अक्षर न बोलता तिच्याबरोबर वीस चादरींच्या घड्या घातल्या होत्या आणि निघून गेली होती.

“वीस राहू दिलं तर पुढच्या वेळी बटण नसेल,” ती म्हणाली. “काच असेल. आणि मग माझ्याकडे न येता तुम्ही सर्जनकडे जाल.”

“मग?”

“मग पुन्हा घेऊ. खरं.”

या वेळी तिने टाचेपासून सुरुवात केली, मध्येच वर गेली, मध्येच थांबली. मेट्रनबाई डोळे मिटून गप्प होत्या. तंतू वाकत होता, सरळ होत होता, आणि त्या गप्प होत्या. उजव्या पावलाच्या वर एकदा “हो” म्हणाल्या. डाव्या कमानीवर एकदा, डाव्या पावलाच्या वर एकदा. वीसपैकी तीन. टाचणीने वीसवर रेघ मारली, शेजारी तीन लिहिलं, खाली सही केली.

“असा पेशंट मी एकटा घरी सोडला असता का?” मेट्रनबाईंनी विचारलं. “खरं सांग.”

“नसता सोडला.”

“मग झालं तर.”

“नाही झालं. तेव्हा वॉर्डाच्या दाराबाहेर पाय बघायला कुणी येत नव्हतं, मॅडम. ड्रेसिंग सुटलं की पेशंट आपला आपण. आता मी येते. बडबडी येते. त्याचसाठी तर नोकरी सोडली.”

“बडबडी माझ्या घरात?”

“रोज पाय कुणीतरी बघायला हवा. दिवसाआड आम्हा दोघींपैकी एक. मधल्या दिवशी कुणी आहे?”

मेट्रनबाईंनी विचार केला. “वरच्या मजल्यावरची शिक्षिका आहे. दुपारी येते. तिचे डोळे चांगले आहेत, तोंड वाईट आहे.”

“डोळ्यांचंच काम आहे. आता भाच्याला फोन लावते.”

“दे इकडे,” मेट्रनबाई म्हणाल्या आणि फोन स्वतःच घेतला. भाच्याने “बोल आत्या” म्हणेपर्यंत त्यांची पाठ सरळ झाली होती. टाचणीने तो आवाज ओळखला. ड्यूटी बदलताना पुढच्या पाळीला पेशंट सोपवतात, तो आवाज.

“पेशंट स्त्री, वय एकोणऐंशी. पंधरा वर्षं डायबेटिस. दोन्ही पावलांत रक्तपुरवठा चांगला, जखम नाही. उजव्या चवड्यावर दाबाचा डाग. वीसपैकी तीन ठिकाणी जाणीव. पेशंटने तपासणीत परिचारिकेला फसवलं, ते तिने पकडलं. पुढचं ती सांगेल.” त्यांनी फोन टाचणीच्या हातात दिला.

 भाचा म्हणाला, “सिस्टर, ही आत्याच होती ना?”

“हो.”

“म्हणजे रविवारी येऊ मी.”

“या. पण सामान बांधायच्या आधी ऐका.” तिने सगळं सांगितलं, कोण कधी येणार, काय बघणार, गरम पाणी कोपराने आणि थर्मामीटरने बघायचं, अनवाणी चालायचं नाही, सपातांत रोज हात घालायचा. “रोज पाय बघितला गेला तर त्या इथे राहू शकतात. एक दिवस चुकला तर नाही. हे मी कागदावर लिहून देते.”

“एक महिना,” भाचा शेवटी म्हणाला. “कागद मला पाठवा. आणि एक जरी जखम झाली तर मी कुणाचं ऐकणार नाही. तिचंही नाही, तुमचंही नाही.”

“मान्य आहे म्हणावं,” मेट्रनबाई शेजारून म्हणाल्या. त्यांचे कान अजून शाबूत होते.

फोन ठेवल्यावर टाचणीने बॅगेतला लांब दांडीचा आरसा काढला. मेट्रनबाईंनी चष्मा बदलला, आरसा पायाखाली धरला, दिवा वळवून घेतला. त्या वाकून बघत राहिल्या. दोन वर्षांत स्वतःचा तळवा त्यांनी पाहिला नसावा.

“बटणाची छिद्रंसुद्धा उमटलीत.”

“हो.”

“डाग संध्याकाळपर्यंत फिका व्हायला हवा. नाही झाला तर आत दाब बसलाय.”

“मग उद्या सकाळी डॉक्टर.”

“संध्याकाळी सहाला ये,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तोवर मी पाय वर ठेवून बसते.”

टाचणीने बॅग बंद केली. दारातून तिने वळून पाहिलं तेव्हा आरसा अजून त्यांच्या हातात होता, आणि अंगठा, मधलं बोट करत त्या करंगळीकडे सरकल्या होत्या.