भोंगा गप्प राहिला तो चेंडू

“हा माणूस अमर आहे! जोवर या पृथ्वीवर चेंडू आणि फळी आहे, तोवर त्याचं नाव पुसलं जाणार नाही!” क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष गरजले आणि कुणाचं नाव, ते कागदावर बघण्यासाठी त्यांनी खिशात चष्मा शोधायला घेतला. चष्मा या खिशात नव्हता, त्या खिशात नव्हता. तेवढा वेळ अमरत्व खोळंबून राहिलं.

पहिल्या रांगेत मौनीला हसू फुटलं. सवयीने त्याने उजवीकडे पाहिलं. अशा वेळी बरगडीत कोपर ढोसणारा माणूस उजवीकडे नव्हता. तो समोर टेबलावर चौकटीत होता, कारण शोकसभा त्याचीच होती. मंडळाने फोटो मात्र जुना, जोडीतला काढला होता आणि अर्धा कापला होता. भोंग्याच्या खांद्यावर एक हात राहिला होता. हाताचा मालक पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

भोंगा आणि मौनी देशासाठी सलामीला जायचे. भोंग्याचं हे नाव संघाने ठेवलेलं, आणि उगाच नाही. त्याने खेळपट्टीवरून “थांब!” म्हटलं की मैदानाबाहेर सायकलवाले ब्रेक दाबायचे. मौनीने मात्र सबंध कारकिर्दीत एकही हाक दिली नाही. खरं तर चेंडू फलंदाजाच्या मागे गेला की दुसऱ्या टोकाच्या गड्याने हाक द्यायची असते, म्हणजे अर्ध्या हाका मौनीच्या वाट्याच्या होत्या. भोंगा त्याही द्यायचा. “ये!” म्हटलं की मौनी धावायचा, “नको!” म्हटलं की थिजायचा. परदेशी हॉटेलात दोघांचं जेवण भोंगा मागवायचा. मौनीला लग्नाचं विचारायचं होतं, तेव्हाही तो मुलीच्या दारासमोर ताटकळत उभा राहिला, मागून भोंगा “जा!” म्हणाला, मग गेला. बायको अजून टोमणे मारते, “मला मागणी घातली भावजींनी, तुम्ही नुसते धावत आलात.”

आणि मग तो चेंडू.

त्या सामन्यानंतर मोठा दौरा होता. एक तरुण सलामीवीर दार ठोठावत होता, त्यामुळे दोघांतला एकच जाणार हे ड्रेसिंग रूममध्ये चहा आणणाऱ्यालाही ठाऊक होतं. भोंग्याने कव्हरकडे चेंडू ढकलला आणि ओरडला, “ये!” मौनी निघाला. अर्ध्या वाटेत मान वर करून बघतो तर भोंगा आपल्या रेषेच्या आत उभा, नजर चेंडूवर, तोंड उघडं. आवाज नाही. “परत जा” एवढंच म्हणायचं होतं. मैदानाबाहेरच्या सायकली थांबवणारा माणूस त्या एका चेंडूला गप्प राहिला. मौनी मधल्या मध्ये उभा होता, ना या टोकाचा ना त्या. पाठीमागे यष्ट्या उडाल्या, त्यांचा आवाज तेवढा छान ऐकू आला.

दौऱ्यावर भोंगा गेला. नंतरही पुष्कळ वर्षं जात राहिला. मौनी विमा कंपनीत टेबलाला लागला. मैत्री काही तुटली नाही. निवृत्त झाल्यावर दर रविवारी भोंगा चहाला यायचा. गुडघे, जावई, पाणीकपात, सगळ्या विषयांवर ओरडायचा. त्या चेंडूचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. मुद्दाम केलंस का रे, हा प्रश्न मौनीने हजारदा जिभेवर आणला आणि चहाबरोबर गिळला.

सभेनंतर एका म्हाताऱ्या वार्ताहराने त्याला गाठलं.

“साहेब, आता तरी सांगा. ती धाव होती का हो?”

“ऊन डोळ्यांत होतं,” मौनीने ठरलेलं उत्तर दिलं.

“ढगाळ होतं त्या दिवशी. मी होतो तिथे.”

मौनी बिस्किट घ्यायला गेला.

काही दिवसांनी वहिनींचा, म्हणजे भोंग्याच्या बायकोचा, फोन आला. “भावजी, यांची क्रिकेटची बॅग घेऊन जा. पलंगाखालून काढली की मला बघवत नाही, ढकलली की कचरा निघत नाही.”

“जा, आणि एकदाचं विचारून या,” बायको म्हणाली. “त्यांच्याजवळ कधीतरी बोलले असतील. इतकी वर्षं तुम्ही झोपेत पाय झाडता, आणि जागी मी राहते.”

मौनी निघाला खरा, पण वहिनींच्या घरासमोर मोठा रस्ता होता. आजवर रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की कानात आपोआप वाजायचं, थांब, थांब, ये! भोंगा दुसऱ्या गावी असला तरी वाजायचं. आता मौनीने कान दिला. काहीच नाही. ओळखीची शांतता होती ती, त्याच चेंडूची. शेवटी एक कुत्रं विचारपूर्वक ओलांडायला निघालं, त्याच्या भरवशावर देशाचा माजी सलामीवीर पलीकडे पोचला.

वहिनींनी चहा ठेवला. बॅग खोलीच्या मध्यावर उघडी पडली होती. वाळून कडक झालेले ग्लोव्हज, एक पॅड, दांड्याचं रबर निघालेली बॅट.

“वहिनी,” मौनीने घसा साफ केला, “माझ्या त्या धावबादबद्दल तो कधी काही बोलला?”

“छे. टीव्हीवर ते कधी दाखवलं की पाणी प्यायला उठायचे. मला वाटायचं, साखर वाढली. तपासूनसुद्धा आणली.” चहा गाळून झाला तरी गाळणी हातातच राहिली. “भावजी, मी एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं बघितलंय. हे माझ्यावर चिडून होते का हो?”

“तुमच्यावर? कशाबद्दल?”

“तेच तर कळत नाही. शेवटी शेवटी हॉस्पिटलात मी उशाशीच बसून होते. घरीसुद्धा जात नव्हते. हे डोळे उघडायचे, माझ्याकडे बघायचे आणि ओरडायचे, ‘परत जा! परत जा!’ अख्खा वॉर्ड दचकायचा. नर्सला वाटलं तिला म्हणतात, ती बिचारी इंजेक्शन घेऊन परत गेली. पण मला कळत होतं ना. बघत माझ्याकडे होते.” त्यांनी गाळणी खाली ठेवली. “सगळा संसार केला, आणि शेवटचं बोलणं काय, तर निघून जा. कुणाला सांगू हे?”

मौनी खुर्चीच्या कडेला सरकला. “कसं म्हणायचा? नीट सांगा.”

“असं.” वहिनींनी डावा हात ताठ पुढे केला, पंजा उभा, बोटं फाकलेली. “आणि उजव्या मुठीत चादर गच्च. सोडवली तरी सुटायची नाही.”

मौनी उठला. गुडघा कटकन वाजला. त्याने बॅगेतली बॅट उचलली, उजव्या मुठीत दांडा धरून टोक जमिनीला टेकवलं आणि डावा पंजा खोलीच्या मध्यावर रोखला. तिथे कुणीतरी अर्ध्या वाटेत उभं असावं, असा.

“असंच?”

“अगोबाई,” वहिनी पुटपुटल्या. “हेच. अगदी हेच.”

“वहिनी, ती चादर नव्हती. आणि तो तुमच्याकडे बघत नव्हता. तुमच्या जागी त्याला मी दिसत होतो.” एका दमात इतकं बोलायची मौनीला सवय नव्हती, त्याने श्वास घेतला. “ती माझी हाक होती. त्या दिवशी द्यायची राहिली होती.”

वहिनींनी पदराने चष्मा पुसला, आणि चष्मा पुसून झाल्यावर डोळे.

“म्हणजे मला जा नाही म्हणाले?”

“नाही. शपथेवर सांगतो.”

“बरं झालं बाई.” मग त्यांच्या कपाळावर आठी आली. “पण भावजी, हे तुम्हाला तेव्हाच का नाही म्हणाले? तोंड होतं की! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं होतं.”

नेमकं हेच विचारायला मौनी आला होता. उत्तर ज्याच्याकडे होतं तो कापलेल्या फोटोत होता. मुद्दाम की नुसती वाचा बसली, हे आता कुणीच सांगणार नव्हतं. पण इतकं कळलं होतं की त्या खेळपट्टीवरून परत न आलेला एकटा मौनीच नव्हता. दुसऱ्या टोकालाही कुणीतरी इतकी वर्षं पंजा रोखून उभं होतं. त्याने बॅट हळूच बॅगेत ठेवली आणि चेन लावली. चेन अर्ध्यावर अडकली. ती त्याने तशीच राहू दिली.

“मीही येते खाली,” वहिनी दुधाची पिशवी घेत म्हणाल्या. “आज कितीतरी दिवसांनी चहा प्यावासा वाटतोय आणि होतं ते दूध तुमच्या चहात संपलं.”

दोघं रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. बस गेली, मोटारी गेल्या, मागोमाग आणखी आल्या. मौनीच्या कानात पूर्ण शांतता होती. बॅगेचा पट्टा त्याच्या खांद्यात रुतत होता. त्याने शेजारी पाहिलं. वहिनी रस्त्याकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

“भावजी, मला मेला गाड्यांचा अंदाज येत नाही, हेच न्यायचे. कधी निघायचं तेवढं सांगाल का?” त्या म्हणाल्या. “आणि जरा मोठ्याने हं. यांच्या शेजारी राहून मला ऐकायला कमी येतं.”