पाहुण्यांचं पाणी

"त्या हंड्याला हात लावू नकोस," सासू चुलीपुढूनच ओरडली, आणि सुनेनं हातातला पेला आपटला.

कोपऱ्यात चिमी पाय पोटाशी घेऊन पडली होती. जुलाबांनी पोरीचा पार चोथा केला होता. घरात पाणी दोन तऱ्हेचं. एक गावच्या विहिरीचं, गढूळ, ते घरच्यांना. दुसरं टेकडीपलीकडच्या झऱ्याचं, नितळ. ते आणताना मान मोडायची, म्हणून एकच हंडा यायचा आणि तो फक्त पाहुण्यांसाठी. घरोघरी हीच रीत. पाहुणा महिनोन्महिने फिरकायचा नाही, पण हंडा मात्र भरलेला हवा. घरातल्या माणसांपेक्षा त्या हंड्याचाच मान मोठा.

"पोरगी सुकून चाललीय, आणि तुम्ही पाहुण्यांचं जपत बसा."

"आम्ही विहिरीचंच पिऊन म्हातारे झालो. शिवाय त्या पाणीवाल्या बाईंनी सांगितलंय ना, पाणी चांगलं आहे म्हणून."

सुनेची खरी जळजळ तीच होती. पाणीवाल्या बाई शहरातून संशोधनाला आलेल्या. कुठलं पाणी खराब, कशानं खराब, हे शोधायचं त्यांचं काम. ज्या गावाचं पाणी वाईट निघेल तिथं नळ येणार होता. मागच्या खेपेला, सून माहेरी असताना, त्यांनी घरोघरी बाटल्या वाटल्या आणि संध्याकाळी भरलेल्या गोळा करून नेल्या. निकाल आला, पाणी एकदम शुद्ध. नळ गेला शेजारच्या गावाला, आणि इथल्या आया पोरं काखेला मारून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत बसल्या.

त्याच बाई आज पुन्हा दारात उभ्या राहिल्या, तोंड उतरलेलं.

"माझंच कुठंतरी चुकतंय," त्या म्हणाल्या. "पोरं आजारी आणि पाणी शुद्ध, हे गणित बसतच नाही. पुन्हा बाटल्या न्यायला आलेय."

सासू लगबगीनं उठली, बाईंच्या हातातली बाटली घेतली आणि सरळ पाहुण्यांच्या हंड्यात बुडवली.

सून बघतच राहिली. "तुम्ही मागच्या वेळीही हेच भरलंत?"

"मग काय गाळाचं देऊ? बाई ते शहरात नेऊन चार शिकलेल्या माणसांपुढे ठेवणार. घराची शोभा करून घ्यायची का?"

"आणि बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनी हेच दिलं. लोकांना काही लाज आहे की नाही?"

बाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. "म्हणजे मी आख्ख्या गावातून तो एक झराच तपासून आणला," त्या पुटपुटल्या. "अहो आजी, तुम्ही रोज पिता ते हवं होतं."

"मग तसं आधी सांगायचं होतं."

हसावं की रडावं, सुनेला कळेना. राग तरी कुणावर काढायचा? तिनं दुसरी बाटली घेतली, रोजच्या घागरीतून भरली आणि बाईंना घेऊन दारोदार निघाली. बायका फणकारल्या. गावाचं नाक कापायला निघालीय म्हणाल्या. एकीनं तर तोंडावर दार लावलं. तरी बाटल्या भरल्या. सासूनं मात्र सुनेशी बोलणंच टाकलं.

निकाल आला. विहिरीचं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही. सुनेला वाटलं, आता नळ येणार. नळ कसला येतोय, आला नळ मंजूर करणारा एक साहेब. भर उन्हात रुमालानं मान पुसत ओसरीवर टेकला.

"एक अहवाल म्हणतो शुद्ध, दुसरा म्हणतो खराब," तो म्हणाला. "दोन्ही जुळत नाहीत. तिसरी तपासणी होईपर्यंत माझ्या हातात काही नाही."

"अहो, पहिल्या वेळी पाणीच दुसरं होतं," सून कळवळून म्हणाली. "बाईंनी लिहून कळवलंय ना तुम्हाला?"

"कळवलंय. त्यावर विचार चालू आहे."

"तोवर पोरांनी काय प्यायचं?"

"उकळून प्या."

"आणि रोजचं सरपण तुम्ही आणून देणार?"

साहेबानं घड्याळ पाहिलं. सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं गावाशी वैर घेतलं ते हे ऐकायला का, असं तिला झालं. तेवढ्यात सासू आतून तांब्या-पेला घेऊन आली. सुनेनं कपाळावर हात मारला. आता म्हातारी यालाही झऱ्याचं पाजणार आणि हा तेच लिहून नेणार.

पण पेल्यात पडलं ते विहिरीचं. गाळ हळूहळू तळाशी बसत होता.

"घ्या साहेब. ऊन फार आहे."

साहेबानं पेला उचलला, उजेडाकडे धरला आणि खाली ठेवला. "नको आजी, तहान नाही."

"प्या की. पाहुण्यांचं होतं ते नातीला दिलं. आता घरात हेच."

साहेब पेल्याकडे बघेना. सासू त्याच्यासमोर बसून राहिली. एवढे दिवस तोंड फिरवलेली म्हातारी सुनेला म्हणाली, "साहेबांना पेन दे गं." मग साहेबाकडे वळली. "का पीत नाही, तेवढं लिहा. झाली तुमची तिसरी तपासणी."